ड्रममधलं पांघरूण

काका येणार म्हटल्यावर दार कुणी उघडायचं, यावरच घरात आधी एक बैठक झाली. बाबा म्हणाले, मी उघडणार नाही. आई म्हणाली, मी उघडलं तर तुम्ही म्हणाल मी त्यांच्या बाजूची. शेवटी दार त्यांच्या लेकीनं, चावीनंच उघडलं. दारात काका, पोटाशी काठ्यांनी वाजवायचा छोटा स्नेअर ड्रम कवटाळून उभे. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा, दोन्ही काखांत झांजांच्या पिशव्या. इतक्या वर्षांनी सख्ख्या भावाच्या घरी पाऊल टाकताना माणूस काहीतरी बोलेल की नाही? काका म्हणाले, "जिन्यात दिवा नाहीये."

"गेलाय," चावी म्हणाली.

"हं," असं म्हणून काका बूट काढायला वाकले, आणि वाकल्यावर त्यांना उठता येईना. चावीनं त्यांना हात दिला. तो हात त्यांनी जरा जास्तच वेळ धरून ठेवला, असं तिला वाटलं. की आपल्यालाच तसं वाटतंय, हे काही तिला कळलं नाही. त्या आठवड्यात तिला तसं कशाचंच काही धड कळत नव्हतं.

चावी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ड्रमचं कातडं ताणायला जी इवलीशी चावी लागते, ती लहानपणी तिच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेली असायची, म्हणून ती चावी. बांधली होती काकांनी. कातडं कुठे किती ताणायचं, कान कसा लावायचा, हेही काकांनीच शिकवलं. पुढे तिनं ड्रमदुरुस्तीचं दुकान टाकलं, डोक्यावर पांढरे केस आले, गिऱ्हाइकं मॅडम म्हणायला लागली, तरी घरात ती चावीच राहिली.

दोघा भावांनी मिळून एकच ड्रमसेट घेतला होता. स्टुडिओत तो कायमचा मांडून ठेवलेला. सकाळच्या पाळीला बाबा वाजवायचे, संध्याकाळच्या पाळीला काका. भांडण झालं तेव्हा वाटणी झाली ती त्या सेटची. पायानं वाजवायचा मोठा ड्रम बाबांकडे राहिला, स्नेअर आणि झांजा काका घेऊन गेले. त्या वाटणीत अख्खा सेट कुणालाच मिळाला नाही, आणि चावीचा काका गेला तो वेगळाच. तेव्हा ती शाळेत जात होती. आज चाळीसेक वर्षांनी त्या सेटचे दोन्ही तुकडे एका खोलीत आले होते, आणि तेही एका परक्या मुलीमुळे.

ती मुलगी फिल्म बनवत होती. गाण्यांमधल्या ड्रमची गोष्ट, नाचाच्या हॉलमधल्या बँडपासून पार आजच्या कॉम्प्युटरपर्यंत. आणि त्या गोष्टीच्या मधोमध होता 'तो' ठेका. तो कुणाला सांगायला लागत नाही. गाणं सुरू होताना नुसता ड्रम वाजतो, आणि ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलायला लागतो. आधी बँडवाल्यांनी त्याची नक्कल केली. मग ड्रम वाजवणारी यंत्रं आली, त्यांनी बाबांसारख्या निम्म्या लोकांना घरी बसवलं आणि वर यंत्राच्या बटणात हाच ठेका भरून ठेवला. मग कॉम्प्युटर आले, त्यांनी मूळ गाण्यातून तो ठेकाच उचलला आणि शेकडो नव्या गाण्यांच्या खाली घातला. गाणं माहीत नसलेल्या पोरांनाही ठेका माहीत असतो. चावीच्या दुकानात ड्रम बघायला येणारा प्रत्येक जण बसल्याबसल्या पहिल्यांदा तोच वाजवून बघतो.

आणि कुणालाच तो जमत नाही, ही त्यातली खरी मेख. हात जमतात. पायाचा ड्रम जमत नाही. त्यात एकदा ठोका दबका येतो, एकदा मोकळा. धप्, मग धूम्. धप्, मग धूम्. ते कसं करायचं यावर शिकवण्या चालतात. एका मास्तरांनी तर टाच कशी उचलायची याची शिबिरं घेऊन घर बांधलं.

त्या काळी तबकडीवर गाणाऱ्याचं नाव छापायचे, चाल लावणाऱ्याचं छापायचे, ड्रमवाल्याचं कोण छापतोय? ठेका गाजल्यावर एका मासिकानं बाबांचं नाव छापलं. काका तरातरा आले, म्हणाले, दादा, हा माझा ठेका आहे, तू गप्प कसा बसलास? बाबा म्हणाले, माझाच आहे तर गप्प का बसू नको? संपलं. त्यानंतर दोन घरं झाली, दोन्ही घरांत आपापला ठेका झाला, आणि दोघंही खोटं बोलणारे नव्हते, हीच तर पंचाईत होती.

"एकच नाव द्या ताई," फिल्मवाली चावीला म्हणाली होती. "उद्या सकाळी शूटिंग. ज्यांचा ठेका, ते सेटवर बसतील आणि वाजवतील. तुम्ही दोघांचेही हात ओळखता. तुम्ही सांगाल ते आम्ही लावू."

चावी हो म्हणून बसली होती. बाबांचं नाव दिलं तर काका या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाहीत. काकांचं दिलं तर बाबांनी आयुष्यभर जे एक आपलं म्हणून सांगितलं, तेच त्यांच्या हातून जाईल. बाबांचा उजवा हात आता चहाचा कपसुद्धा सांडतो. अशा माणसाकडून ते कसं काढून घ्यायचं?

खोलीत सेट जोडून झाला. दोन्ही भाऊ भिंतीच्या दोन टोकांना बसले. बाबा पुतण्याकडे बघून म्हणाले, "काय बटण, काय म्हणतोय धंदा?"

काकांचा मुलगा कॉम्प्युटरवर ठेके बनवून विकायचा, म्हणून बाबांनी त्याला लांबूनच हे नाव ठेवलं होतं. त्याला ते आज पहिल्यांदा तोंडावर ऐकायला मिळालं.

"बरा चाललाय, मोठे काका."

"बरा चालणारच. वाजवायचं आम्ही, दाबायचं तुम्ही."

"त्याला का बोलतोस?" काका भिंतीकडे बघत म्हणाले. "मला बोल की."

"मी तुझ्याशी बोलत नाही."

"मग आत्ता काय केलंस?"

आई चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं पहिला कप काकांना दिला, आणि बाबांनी ते पाहिलं. बाबांनी पाहिलं हे आईनं पाहिलं. "पाहुणे आहेत," ती म्हणाली. "भावोजी, तुमच्यात साखर कमीच आहे."

"लक्षात आहे तुमच्या, वहिनी?"

"हिला सगळ्यांचं लक्षात असतं," बाबा म्हणाले. "फक्त माझं सोडून."

बटणनं तेवढ्यात कॉम्प्युटर उघडला. फिल्मवालीनं मूळ टेपमधला नुसता ड्रम वेगळा काढून पाठवला होता. गाणारा नाही, बाकी वाद्यं नाहीत. "ताई, ऐक. आणि काय ते एकदा सांगून टाक. मला माझ्या मुलांना सांगता यायला हवं की आजोबा काय होते."

खोलीत तो ठेका वाजला. धप्. धूम्. धप्. धूम्. बाबांची मान हलायला लागली, काकांचा पाय हलायला लागला. दोघांच्या चेहऱ्यावर तोच भाव, आपलं मूल ओळखल्याचा. चावीनं डोळे मिटले आणि दुकानात आलेल्या ड्रमला ऐकते तसं ऐकलं. कातडं किती ताणलंय, आत काय आहे.

आत काय आहे.

"थांबव," ती म्हणाली. "पुन्हा लाव. आता फक्त पहिला तुकडा. आता फक्त दुसरा."

तिनं चार वेळा ऐकलं. मग तिनं डोळे उघडले. पायाची कसली करामत आणि कसली टाच. हा एकाच ड्रमचा आवाज होता, पण दोन वेळचा. पहिल्या तुकड्यात ड्रमच्या पोटात काहीतरी कोंबलेलं होतं. दुसऱ्यात पोट रिकामं होतं.

"टेपवाल्यानं जोड दिलाय," ती म्हणाली. "एक तुकडा एका वेळचा, दुसरा दुसऱ्या वेळचा. टेप कापून, चिकटवून त्याचा गोल केला आणि गाणंभर तोच फिरवला."

टेपवाला म्हणजे स्टुडिओतला आवाज भरणारा. कात्री आणि चिकटपट्टी घेऊनच बसलेला असायचा. तो वारून जमाना झाला होता, तेव्हा त्याला विचारायचीही सोय नव्हती.

"त्या दिवशी गाणारा सकाळी घसा धरून बसला," काका सावकाश म्हणाले. "गाणं संध्याकाळी पुन्हा भरलं."

"म्हणजे सकाळी मी वाजवलं," बाबा म्हणाले.

"आणि संध्याकाळी मी."

आपलं अख्खं मूल निम्मं दुसऱ्याचं निघालं, तर माणसानं चेहरा तरी कसा करावा? चावीला मात्र एकदम हलकं वाटलं. म्हणजे कुणीच खोटं नव्हतं. आणि कुठला तुकडा कुणाचा हे तर तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिचंच एक पिवळं लोकरीचं पांघरूण होतं, तान्हेपणीचं. बाबांना ड्रम घुमलेला खपायचा नाही, म्हणून ते पांघरूण त्यांनी ड्रमच्या पोटात कोंबून ठेवलेलं. काकांना ड्रम मोकळा लागायचा. ते संध्याकाळी आले की पांघरूण उपसून कोपऱ्यात फेकायचे, बाबा सकाळी आले की शिव्या देत परत कोंबायचे. हे रोजचं होतं.

"मग सोपं आहे," ती म्हणाली. "पहिला दबका, तो बाबांचा. दुसरा मोकळा, तो काकांचा. दोघांचंही नाव देते. मिटलं."

"पहिला माझा नाही," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, दबका आहे तो."

"दबका असेल. हात माझा नाही. माझा दुसरा. पायाची जोडझांज मी उशिरा मिटतो, ऐकू येतंय ना? तो मी."

"पहिला मी," काका म्हणाले. "तिथे डाव्या काठीचा एक बारीक ठोका आधी पडतो. ती माझी खोड. दादा मला त्यावरून ओरडायचा."

चावीनं बटणकडे पाहिलं, बटणनं चावीकडे. त्यानं पुन्हा लावलं. खरंच, उशिरा मिटलेली झांज दुसऱ्यात होती, बारीक ठोका पहिल्यात होता. म्हणजे हात बाबांचे आणि ड्रम काकांचा, हात काकांचे आणि ड्रम बाबांचा. तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. मिटलं मिटलं म्हणता हे भलतंच उपटलं. उद्या सकाळी त्या मुलीला सांगायचं काय? माझ्या घरात कोण कोण आहे तेच मला माहीत नाही म्हणून?

"तुम्हाला आता आठवत नाही," ती जरा चिडूनच म्हणाली. "दोघांनाही. वयं झाली तुमची."

"वय तुझंही झालंय," आई म्हणाली. ती एव्हाना कपबश्या गोळा करत होती. "पांघरूण त्या दिवशी ड्रममध्ये नव्हतंच. घरी होतं."

"घरी?"

"तू तापानं फणफणली होतीस. पांघरूण पाहिजे म्हणून रडून घर डोक्यावर घेतलंस. यांनी आदल्या दिवशीच ते काढून आणलं. गाणारा घसा धरून बसला म्हणून हे दुपारी लवकर घरी आले आणि तुझ्या उशाशी बसले. म्हणून तर दिवस आठवतोय मला. एरवी कधी बसले असते?"

बाबा मान खाली घालून बसले होते. "ड्रम रिकामा होता," ते म्हणाले. "दुसरं काही कोंबता आलं असतं. टेपवाल्याचा टॉवेल होता. पण गाणाऱ्याची तऱ्हा बघून तो म्हणाला, हे संध्याकाळवर जाणार, धाकटा पुढे वाजवेल, आवाज जुळायला पाहिजे. म्हटलं, हा काही कोंबून घ्यायचा नाही, हट्टी आहे. मग राहू दे मोकळा. मीच त्याच्यासारखा वाजवतो."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही.

"मला वाटलं, सकाळचं वाजवून झाल्यावर तू पांघरूण काढून घरी नेलंस," ते म्हणाले. "टेपवाला मलाही तेच म्हणाला. सकाळच्याशी जुळव. मी कोपऱ्यात शोधलं, मिळेना. दादाचा ड्रम दबकाच असणार, त्यात काय विचारायचं? मी अंगातला स्वेटर काढून कोंबला."

"तो स्वेटर," बाबा म्हणाले.

"हो."

"मला दुसऱ्या दिवशी ड्रममध्ये सापडला. मला वाटलं, माझ्या पांघरुणाची टिंगल केलीस."

"टिंगल?"

"मी तो फरशी पुसायच्या बादलीत टाकला."

"तू टाकलास होय? वहिनीनं विणलेला होता तो. मी वर्षभर शोधत होतो."

"मला सांगितलंत बसमध्ये हरवला म्हणून," आई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आणि मी तुम्हाला दुसरा विणून दिला." ट्रे तिथेच ठेवून ती आत गेली. आत ती रडत होती की हसत होती ते चावीला कळेना. जाऊन बघावं की नाही, तेही कळेना. ती उभीच राहिली. ही दोघं माणसं इतकी वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हती, आणि ज्यावरून बघत नव्हती तो ठेका दोघांनी एकमेकांसाठी वाजवलेला होता. तिला त्या दोघांचाही भयंकर राग आला. तिला तिचा काका हवा होता तेव्हा हे दोघं कुठे होते? आणि त्याच दमात तिला दोघांच्याही गळ्यात पडावंसं वाटलं. त्यातलं काहीच न करता तिनं अजूनही गळ्यात असलेल्या त्या चावीनं स्नेअरचं कातडं ताणायला घेतलं. ते ताणायची काही गरज नव्हती.

"उद्या तू बस," काका बाबांना म्हणाले. "नाव तुझं दे."

"का? दया करतोस?"

"तू थोरला म्हणून."

"पहिला तुकडा तुझा आहे. तू बस."

"दादा, मी सांगतोय ना, बस."

"धाकट्या, मला शहाणपणा शिकवू नकोस."

बटणनं कपाळाला हात लावला. "ताई, हे परत भांडायला लागले."

सकाळी फिल्मवाली दिवे आणि कॅमेरे घेऊन आली, तोवर काहीही ठरलेलं नव्हतं. चावी रात्रभर विचार करून जिथे होती तिथेच होती. "नाव?" मुलीनं हळूच विचारलं. "सांगते," चावी म्हणाली. आधी वाजवून तर बघू.

बाबा स्टुलावर बसले, कारण काका बसले नाहीत. उजवा हात थरथरत होता, पण काठी हातात आल्यावर त्या थरथरीचं काय करायचं हे हाताला ठाऊक असावं. त्यांनी ठेका धरला. धूम्, धूम्, धूम्. हात सगळे जागच्या जागी, आणि तरी तो ठेका नव्हता. मोकळा, एकसुरी, निम्मा. फिल्मवाली हसून मान डोलवत होती, पण तिचा पाय हलत नव्हता. बाबांनाही ते ऐकू येत होतं. चावीनं त्यांचं तोंड उतरताना पाहिलं आणि तिला ते बघवेना.

तेवढ्यात आई आतून आली. तिच्या हातात ते पिवळं पांघरूण होतं, कसर लागून भोकं पडलेलं. कुठून काढलं, कधी जपलं, देव जाणे. तिनं ते बाबांना दिलं नाही, काकांना दिलं.

काकांनी पांघरुणाकडे पाहिलं, ड्रमकडे पाहिलं. मोठ्या ड्रमचं समोरचं कातडं कधीचंच काढलेलं होतं, पोट उघडं होतं. गुडघे धरत धरत काका समोरच्या पाटावर बसले. पांघरूण मुठीभोवती गुंडाळलं, हात खांद्यापर्यंत ड्रमच्या पोटात घातला आणि आतून कातड्यावर दाबून धरला.

धप्.

मग त्यांनी हात मागे घेतला.

धूम्.

बाबांनी मान वर केली नाही, फक्त झांज उशिरा मिटली. काकांनी पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. धप्, धूम्, धप्, धूम्. बटणचा हात तोंडावर गेला. दिवा धरलेल्या माणसाचा पाय हलायला लागला, त्याबरोबर दिवाही हलायला लागला. चाळीस वर्षं ज्यासाठी लोकांनी टाचा झिजवल्या तो ठेका त्या खोलीत जसाच्या तसा वाजत होता, आणि चावी भिंतीला टेकून लहान पोरीसारखी रडत होती.

फिल्मवालीनं कॅमेऱ्यात पाहिलं. मग ती पुढे झाली आणि अगदी आदबीनं काकांना म्हणाली, "आजोबा, फार छान. फक्त तुम्ही मधे येताय. वाजवणारे दिसत नाहीयेत. तुम्ही जरा बाजूला होता का?"

बाबांनी ठेका थांबवला. दोन्ही काठ्या मांडीवर ठेवल्या.

"वाजवणारे दिसत नाहीत?" ते म्हणाले. "त्याचं तोंड दिसतंय ना? मग झालं. चावी, त्यांना नाव सांग त्याचं."

पांघरुणाचा हात ड्रममध्येच ठेवून काका म्हणाले, "त्याचं सांग, चावी."

"सांगते," चावी म्हणाली, आणि मुलीकडे वळून तिनं कोणतंच नाव न सांगता विचारलं, "तुमच्याकडे रुंद कॅमेरा आहे का? दोघंही मावतील असा?"